नवसाचं हेलिकॉप्टर

अबुधाबी
११ मार्च १९८४

ती. आबांस गोरक्षचा सा. न. वि. वि.

आणि तरीही तुम्ही तीनच पाती काढली! मागच्या पत्रात लिहिलं, त्याच्या आधीच्यात लिहिलं, की दोन पाती, दोनच. शकूताईनं पाठवलेल्या कागदावरचं तुमचं चित्र बघितलं. ते हेलिकॉप्टर नाही. तो जयरामच्या चहाच्या हॉटेलातला पंखा आहे आणि त्याला खाली भोपळा टांगलाय. वर काही फिरतं म्हटलं की तुम्हाला तोच पंखा दिसतो, कारण मान वर करून तुम्ही जगात दुसरं काही बघितलेलंच नाही.

खरं तर हा सगळा उद्योगच मला पटलेला नाही. डिसेंबरात समुद्रात उभ्या असलेल्या आमच्या बार्जचे साखळदंड तुटले, आम्ही वादळात वाहवत चाललो आणि कंपनीची तार तुमच्याकडे आली. तुम्ही घाबरलात, ते ठीक. पण आईनं लगेच गडावरच्या देवीला बोलून टाकायची काय घाई होती? म्हणे पोराला जे कोणी पाण्यातून वर काढील त्याची प्रतिमा तुझ्या पायाशी ठेवीन, तोवर पायात चप्पल घालणार नाही. जरा थांबली असती. होडीनं काढलं असतं तर सुताराकडून एक होडी करून घेऊन मोकळे झाला असता. काढलं हेलिकॉप्टरनं. आता करा.

आणि मला देवीनं काढलं नाही हेही आईला सांगा. लाल टोपीच्या एका दाढीवाल्या गोऱ्यानं काढलं, आणि काढताना मला शिव्या घातल्या. देवी असल्या शिव्या देत नाही असं ऐकून आहे.

दुसरी गोष्ट. तुम्ही देवळालीच्या बाजूनं उडणारी लष्कराची हेलिकॉप्टरं बघून काढता. माझं लष्कराचं नव्हतं, साधं कंपनीचं होतं. रोज माणसं आणि भाजीपाला वाहतं आणि वादळ आलं की पाण्यातली माणसं वेचतं. रंग पिवळा, पोटावर लाल पट्टा. चाकं नाहीत. खाली दोन लांब नळ्या आहेत, त्यावर बसतं. तुम्ही लावलेली चाकं काढून कोणाच्या तरी हातगाडीला द्या.

इथल्या बाजारात प्लास्टिकचं हुबेहूब मिळतं. म्हणाल तर पाठवतो आणि विषय मिटवू. आईला नमस्कार. लोभ आहे तेवढाच असू द्या, जादा पाठवू नका, आमच्या खोलीत ठेवायला जागा नाही.

आपला,
गोरक्ष


नाशिक
४ एप्रिल १९८४

चि. गोरक्ष यास शकूताईचे अ. उ. आ.

तुझं पत्र आबांना वाचून दाखवलं. मी दर बुधवारी नाशिक रोडहून येते ती आईला बघायला, पण हल्ली माझी नेमणूक तुमच्या दोघांच्या भांडणावर झाली आहे. आबा भांडी ठोकायचा मठार हातात घेऊन सांगतात, मी लिहिते. शिव्या गाळते. म्हणून हे पत्र एवढं छोटं आहे.

आबा म्हणतात, पाचवीत दोनदा नापास होऊन पळालेल्या माणसानं मला मोजायला शिकवू नये. तू पाठवलेली मापं त्यांनी सगळ्या कारखान्याला वाचून दाखवली. "आमच्या खोलीपेक्षा मोठं", "शेपूट लय लांब", "पोट गर्भार बाईसारखं". कारागीर दिवसभर हसत होते. आबांचं म्हणणं, उतरंडीतलं सगळ्यात वरचं भांडं वीतभर असलं तरी त्याचं पोट, मान, काठ खालच्या हंड्याच्याच हिशेबानं येतात. मोठ्याचं माप दे, लहान मी करतो. माप नसेल तर तोंड बंद ठेव. पिवळा रंग म्हणजे पितळेचा पत्रा, लाल पट्टा म्हणजे तांब्याचा, रंगाचा डबा लागणार नाही हेही त्यांनी ठरवून टाकलं.

प्लास्टिकचं नाव काढल्यावर आई उठून आत गेली. मग बाहेर येऊन म्हणाली, देवीला बाजारातलं भलत्याचंच विमान द्यायचं असतं तर एवढं बोलले कशाला असते. ज्यानं माझं पोर आणलं तेच द्यायचं, त्यात खोट नको. पंख्याचं विमान म्हणते ती. आम्ही दुरुस्त करत नाही.

गोरक्ष, चेष्टा राहू दे. ती भाजीबाजारात अनवाणी जाते, भद्रकालीत अनवाणी, माझ्याकडे येते तीही अनवाणी. तुला तिची साखर माहीत आहे. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की या बाईला घरातसुद्धा चप्पल पाहिजे, पायाला काही लागलं तर भरून येणार नाही. मी आईला सांगितलं तर म्हणाली, तुझ्या भावाला सांग, मापं लवकर पाठव.

तुझे दोन्ही ड्राफ्ट तसेच पडून आहेत. आबा हात लावत नाहीत. ज्याला मठार धरायची लाज वाटली त्याच्या पैशाचा पत्रा मी ठोकणार नाही, असं म्हणतात. हे मी गाळणार होते, पण गाळलं तर तुला वाटेल ते नरमले.

माया आहे, ती ओळखून घे, लिहून दाखवायला जागा उरली नाही.

तुझी,
शकूताई


अबुधाबी
२५ एप्रिल १९८४

प्रिय शकूताईस गोरक्षचा नमस्कार वि. वि.

घ्या मापं. आता हसा म्हणावं कारखान्यात.

आमच्या बार्जवर आठवड्याला तेच हेलिकॉप्टर माणसं बदलायला येतं. पंखा थांबला की मी सुतळी घेऊन धावलो. नाकापासून शेपटाच्या टोकापर्यंत सुतळी धरली तर डेकच्या साहेबाला वाटलं मी ते बांधून ठेवतोय. त्यानं माझी कॉलर धरली. मी हिंदीत सांगितलं की माझ्या आईला हे देवीला द्यायचंय. त्यानं ते त्याच्या भाषेत कसं समजून घेतलं कोण जाणे, पण दोन दिवस मला गंज खरवडायच्या कामाला तळघरात घातलं. बार्जचं तळघर बघितलं तर आबांना त्यांचा कारखाना महाल वाटेल.

शेवटी बेनी नावाच्या फिलिपिनो मेकॅनिकनं मापं दिली. तो हसला नाही. त्याच्या गावी लोक चर्चमध्ये मेणाचे हात-पाय वाहतात म्हणे. जगात सगळीकडे सारखेच येडे भरलेत.

अंग बेचाळीस फूट. वरची पाती टोकापासून टोकापर्यंत अठ्ठेचाळीस. एका फुटाला अर्धा इंच धरा. शेपटाचा छोटा पंखा उजव्या अंगाला. काच नाकावर दोन, पायाशी दोन. उजव्या बाजूला वर एक आकडा बाहेर आलेला, त्यातून दोर सुटतो. उरलेलं मागच्या कागदावर बेनीनं आकृती काढून लिहिलंय. आकडे इंग्रजी आहेत, तुझ्या नवऱ्याला वाचता येतील असं समजतो.

आईला म्हणावं, चप्पल घाल आणि देवीला सांग काम चालू आहे. सरकारसुद्धा पाटी लावून वर्षं काढतं, देवी काही म्हणायची नाही.

आबांना सांग, मठार धरायची लाज नव्हती वाटली. एकाच जागी बसून एकच हंडा जन्मभर ठोकायचा कंटाळा येणार होता. ते त्यांना कळणार नाही. भाच्यांना पापा. लोभ ठेव, व्याज नको.

तुझा,
गोरक्ष


नाशिक
६ जून १९८४

चि. गोरक्ष यास अ. उ. आ.

झालं! सोबत फोटो आहे. फोटोवाल्यानं मागे प्लास्टिकचे गुलाब ठेवले त्याला आमचा इलाज नव्हता. पण बघ तरी. पिवळंधमक पितळ, पोटावर तांब्याचा पट्टा, अंगभर मठाराचे बारीक ठसे. बोटानं ढकललं की दोन्ही पाती फिरतात. शेपटावरचा पंखासुद्धा. काचांच्या जागी आबांनी कल्हई केली आहे, चंदेरी दिसतं.

पत्र्याच्या जोडाला शेवटचा डाग देऊन झाल्यावर आबांनी काय केलं असेल? नाकाजवळ बारीक भोक ठेवलं होतं, तिथून त्यात काठोकाठ पाणी भरलं आणि गल्लीच्या मधोमध पाटावर ठेवलं. घागरीसारखं. सगळी गल्ली गोळा झाली. शेजारच्या सरुबाई खाली वाकून वाकून बघत होत्या, पण थेंब नाही गळला. मग आबांनी पाणी ओतलं, भोक बुजवलं आणि चहा मागितला. मला कळेना की हेलिकॉप्टरला पाण्याची परीक्षा कशाला. विचारलं तर म्हणाले, या घरातून फुटकं भांडं गिऱ्हाइकाला गेलेलं नाही, देवीला कसं जाईल.

आता दुसरं. मे महिन्यात रस्त्यावरचं डांबर पाघळलं होतं, त्यात आईचा डावा पाय भाजला. फोड फुटला तो भरत नाही. करंगळी काळी पडायला लागली आहे. सिव्हिलचे डॉक्टर म्हणाले, पाय झाका, नाहीतर बोट जाईल, मग पाऊल. आई म्हणते, गडावर जाऊन आले की झाकीन. म्हटलं मग उद्याच जाऊ. तर म्हणाली, आधी गोरक्षला फोटो पाठव. तेच आहे का विचार. बघितलेलं आहे ते त्यानं एकट्यानं. तो हो म्हणाला की निघते.

म्हणून तुझ्या पाया पडते. मोठी बहीण असून पडते. काही कमी असेल, जास्त असेल, फक्त "हो" लिही. दोन अक्षरं सुद्धा नाहीत. उलट टपाली.

तुझी,
शकूताई


अबुधाबी
१९ जून १९८४

प्रिय शकूताईस नमस्कार.

हो.

हे वाच आणि पत्र मिटव. पुढचं आबांसाठी आहे, आईला वाचू नकोस.

आबा, काम बरं केलंय. शेपूट थोडं जाड आहे, पण जयरामचा पंखा गेला याचं समाधान आहे. बेनीला फोटो दाखवला, त्यानं गुलाबांचं फार कौतुक केलं.

पण दार कुठाय? बेनीच्या आकृतीत उजव्या अंगाला केवढं मोठं सरकतं दार आहे. तुम्ही त्याच्या नुसत्या रेघा कोरल्यात. बंद. हेलिकॉप्टर माणसं काढायला येतं तेव्हा दार सताड उघडं असतं, नाहीतर ते काय टेहळणी करायला येतं? आकडा बाहेर, दोर खाली आणि दार बंद. वर काढलेला माणूस टाकायचा कुठं, छपरावर? तुम्ही पितळेची घागर केलीत, तिला पाती लावलीत आणि ती गळत नाही म्हणून स्वतःची पाठ थोपटून घेतलीत. हवेत उडणारं यंत्र गळत नाही याचं कौतुक फक्त आपल्याच गल्लीत होऊ शकतं.

असो. देवीला काय कळतंय. जा एकदाचे.

गोरक्ष


नाशिक
९ जुलै १९८४

गोरक्षला,

आशीर्वाद द्यायच्या मनःस्थितीत मी नाही, तरी अ. उ. आ.

मी "हो" वाचलं आणि पत्र मिटवलं. आईला अक्षर येत नाही, पण कागद भरलेला दिसतो. म्हणाली, पोरगं सातासमुद्रापलीकडून एवढं लांब लिहितंय आणि त्यात हो एवढंच कसं? उघड. मी म्हटलं, इकडचं तिकडचं आहे. तर म्हणाली, मग इकडचं तिकडचं वाच, मला तेच ऐकायचं असतं. मला खोटं रचता येईना. तुझ्यासारखी सवय नाही.

झालं. आई म्हणते, दार उघडं करा, मग निघू. आबा म्हणतात, पत्र्याला भोक पाडणार नाही. भोक पडलं की भांडं खंडित झालं, मोडीत घालायचं, ते देवापुढे ठेवणं म्हणजे अपमान. आई म्हणते, बंद दाराचं म्हणजे दुसऱ्याचंच विमान, ते ठेवणं म्हणजे फसवणूक. दोघंही देवीचीच बाजू घेऊन भांडतात. हेलिकॉप्टर मधे पाटावर, दोघं दोन भिंतींना. पंधरा दिवसांत एकमेकांशी बोललेले नाहीत. जेवायला वाढलं हे आई पातेल्याला सांगते.

पायाला आता वास येतो. ती अजून अनवाणीच आहे. आणि हे तुझ्या त्या एका ओळीमुळे, जी तुला गिळता आली नाही. आबा जसे, तसाच तू. चूक दिसली की जीभ आवरत नाही, मग समोर आई का असेना. तुझ्या हुशारीनं तिचा पाय जाणार आहे.

शकू


अबुधाबी
२३ जुलै १९८४

ती. आबांस सा. न. वि. वि.

ताईनं मला जे लिहायचं ते लिहिलंय, ते मी घेतलं. आता तुम्ही माझं घ्या. हे पत्र ताईनं सगळ्यांसमोर वाचावं, गाळू नये.

तुम्हाला भोकाची लाज वाटते. मला ज्या भोकातून आत घेतलं ते कसं होतं ते सांगतो. मी आजवर लिहिलं नाही, कारण तुम्ही विचारलं ते पाती किती, नळ्या किती, शेपूट केवढं.

पाण्यातून दोरानं वर येईपर्यंत काही वाटत नाही. डोळ्यांत खारं पाणी आणि वरून वारा असा की श्वास घेता येत नाही. खरी भीती वर आल्यावर. दाराच्या पातळीला आलो आणि तिथंच गरगर फिरायला लागलो. समोर दार, हातभर अंतर. आत माणसं बसलेली दिसतात, घोंगड्या पांघरून, आणि मी बाहेर. माझे हात गोठले होते, उंबरा धरता येईना. दोनदा धरला, दोनदा सुटला. तेव्हा तो दाढीवाला पोटावर आडवा झाला, अर्धा दाराबाहेर आला, आणि त्यानं माझा पट्टा धरून मला पोत्यासारखा आत ओढला. शिव्या त्या वेळच्या. मी त्याच्या अंगावर पडलो आणि आई आई ओरडलो. त्याला ते कळलं असावं, त्यानं शिव्या थांबवल्या.

मला देवीनं काढलं का आकड्यानं, हे तुम्ही आणि आई ठरवा. मला त्या उघड्या दारानं काढलं. ते बंद केलंत तर मी अजून बाहेर दोरालाच फिरतोय असं समजा, आणि खुशाल गडावर जा.

तुमचं पितळ, तुमची गल्ली, तुमचा मान. एका भोकासाठी बायकोचा पाय घालवताय. मोठे कारागीर.

रजा मागितली होती, नाही मिळाली. पगार कापून मागितली, तरी नाही.

गोरक्ष


नाशिक
३० ऑगस्ट

चि. गोरक्षास निवृत्ती आबाचा आशीर्वाद.

शकूनं तुला लिहायला नकार दिला आहे, म्हणून मी लिहितो. अक्षर जमेल तसं वाच.

पत्र तिनं वाचून दाखवलं. तुझी आई उठली, हेलिकाप्टर मांडीवर घेतलं आणि जिथं दाराच्या रेघा आहेत तिथं बोट फिरवत बसली. नंतर माझ्याकडे बघितलं. मी छिन्नी आणली.

कापायला लागलो तर हात चालेना. चाळीस वर्षांत चांगल्या पत्र्यावर छिन्नी धरलेली नाही. कारखान्यातला भिकन म्हणाला मी कापतो. त्याला हाकललं. कापलं. नुसतं कापलेलं म्हणजे भोक. त्याचा काठ वळवला, आत तार घातली, हंड्याच्या तोंडाला करतो तसा. हंड्याला तोंड असतं त्याला कोणी फुटका म्हणत नाही. मग मला समाधान झालं. दार वेगळं करून खाचेत बसवलं, सरकतं. दारात एक माणूस आडवा घातला. दाढी आहे. हात बाहेर. तुला केला नाही. तू आत आहेस.

चौदा तारखेच्या मंगळवारी गडावर गेलो. डोली केली तर तुझी आई बसेना. पायाला फडकं बांधून चढली. मी हेलिकाप्टर डोक्यावर घेतलं होतं, पायऱ्यांवरची पोरं मागं लागली. पुजाऱ्यानं हळदकुंकू लावलं आणि पाती बोटानं फिरवून बघितली. दोन आहेत म्हणालो. तिथंच देवळाबाहेर तिनं चप्पल घातली. ती घासली म्हणून रडली, का कशानं, विचारलं नाही.

करंगळी गेली. सिव्हिलमध्ये काढली. पाऊल वाचलं, डॉक्टर म्हणाले. घरात चालते, चपला वाजवत.

आता कामाचं. हेलिकाप्टर आईचा नवस, त्याचे पैसे नाहीत. दार तू सांगून करून घेतलं. ते गिऱ्हाइकाचं काम. कापणं, काठ, तार, माणूस मिळून मजुरी एकवीस रुपये. घरच्यांना सूट नाही. ते मोठे ड्राफ्ट मला दाखवू नको. मजुरी पाठव.

निवृत्ती


अबुधाबी
१७ सप्टेंबर १९८४

ती. आबांस आणि ती. आईस गोरक्षचा सा. न. वि. वि.

हंड्याचा काठ असलेलं दार जगात कुठल्याच हेलिकॉप्टरला नाही. बेनीला सांगितलं. तो म्हणाला, खऱ्याला असतं तर तिथला रबर दर महिन्याला बदलावा लागला नसता. हे तुमच्या कानावर घालतोय, पण यावरून फुगू नका. शेपूट जाडच आहे.

आणि दाढीवाला टोपी घालून होता, लाल. तुम्ही विसरलात. आता गडावर गेलंय ते गेलं, कोणी विचारलं तर उडाली म्हणावं, वारा होता.

आई, तू एक बोट देऊन आलीस. नवसात ते धरलेलं नव्हतं. यापुढे माझ्यासाठी काही बोलायचं असेल तर आधी मला विचारत जा, आणि स्वतःच्या अंगावरचं काही लावत जाऊ नकोस. चपला वाजवत चालतेस ते बरंय. आणखी जोरात वाजव. आबांना दुपारी झोप लागता कामा नये.

ताईला म्हणावं, तिचं खरं होतं. हे एकदाच लिहितोय, कागद जपून ठेव म्हणावं. मला रजा फेब्रुवारीत मिळतेय. पंधरा दिवस. त्यातला एक दिवस गडावर आणि कारखान्यात एकही नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

मजुरीचं बघितलं. एकवीस रुपये फार आहेत. माणूस आडवा आहे, उभा करायला जास्त काम पडलं असतं, आणि टोपीचं तांबं वाचलं. नाशिकमध्ये कोणीही अठरात केलं असतं. बँकेत गेलो तर तिथला मल्याळी बाबू म्हणाला, एवढ्याशा रकमेचा ड्राफ्ट कोणी काढत नाही, त्याच्यावरचं कमिशनच जास्त होतंय. मागं रांग लागली होती, तीही हसली. म्हटलं, तू काढ बाबा, तिकडचा कारागीर सूट देत नाही.

माया असावी, मोजून का होईना. ड्राफ्ट सोबत जोडलाय. तुमच्या नावानं, रुपये एकवीस फक्त.